धुराच्या बाटलीचा अहवाल

विषय : अर्जदार मद्य पीत नाही, याची सरकारी दप्तरात नोंद होणेबाबत.

संदर्भ : (१) परदेशी मद्याची एक बाटली. (२) सदर बाटलीविषयी अर्जदाराने स्वहस्ते लिहिलेला अहवाल, पाने तीन. (३) अर्जदाराची पत्नी.

वरील विषयास अनुसरून सविनय लिहितो की, मी एकतीस वर्षं साताऱ्याच्या एका कचेरीत कारकून होतो. कुठल्या, ते लिहीत नाही; पेन्शन तिथूनच येते. या एकतीस वर्षांत मी चहाखेरीज कशाच्याही आहारी गेलो नाही, आणि चहाही बायको देईल तेवढाच घेतला. असं असूनही माझ्या सर्व्हिस बुकात आज तांबड्या शाईनं शेरा आहे : "मद्याचा चांगला जाणकार. जुनी सवय असावी." हा शेरा मला माझ्या व्यासंगामुळे मिळाला. ज्यांना वाचनाची आवड आहे त्यांनी पुढचा मजकूर जरा जपून वाचावा.

साल एकोणीसशे एकोणपन्नास. दारूबंदी एकेक जिल्हा ओलांडत आमच्यापर्यंत आली होती. हुकूम निघाला की, ज्यांच्याजवळ परदेशी मद्य असेल त्यांनी ते मुदतीत कचेरीत आणून दाखवावं. माल अस्सल आणि सुस्थितीत असला तर परमिटावर परत मिळेल. बनावट किंवा नासलेला असला तर पंचांसमक्ष मोरीत ओतला जाईल. आम्ही त्यासाठी दोनशे पानांचं नवं रजिस्टर आखून ठेवलं. मुदतीच्या शेवटच्या दिवसापर्यंत ते कोरं राहिलं. बागाईतदार, बंगलेवाले, शिकारीचे शौकीन, सगळ्यांनी लिहून दिलं की आमच्याकडे थेंबही नाही. (इतक्या निर्मळ जिल्ह्यात आपण नोकरी करतो हे मला तोवर माहीत नव्हतं.)

शेवटच्या दिवशी दुपारी पलूसकडचे सुभेदार लालासाहेब आले. मराठा पलटणीतले, इटलीच्या लढाईतून परत आलेले, आता ऊस करणारे. मिशा इतक्या भरघोस की आमच्या पट्टेवाल्यानं, अर्जुनानं, न सांगता खुर्ची दिली. त्यांनी टॉवेलची गुंडाळी सोडून एक काळपट हिरवी बाटली टेबलावर ठेवली. पाऊण भरलेली. लेबल नाही. त्याऐवजी हळदकुंकू.

आमचे अव्वल कारकून नानासो यांनी चष्मा कपाळावर चढवला. "सुभेदार, हे काय?"

"हळदकुंकू."

"ते दिसतंय. बाटलीला?"

"खंडेनवमीला तलवारीशेजारी मांडतो. मेडलं, तलवार आन् ही."

"दारूची बाटली पूजता?"

"साहेबाची बाटली हाय, नानासो. दारू आत हाय."

मग त्यांनी सगळं सांगितलं. त्यांचा कप्तान स्कॉटलंडच्या कुठल्याशा बेटावरचा होता. इटलीत एका नदीच्या काठी त्यानं ही बाटली फोडली, दोघांनी घोट घोट घेतला, आणि उरलेली सुभेदारांच्या हाती देऊन तो म्हणाला की ही सांभाळ, बाकीची तुझ्या गावात बसून पिऊ. पुढच्याच आठवड्यात कप्तान पडला.

"त्याच्या आईला कागद लिवला, जतन करीन म्हनून," सुभेदार म्हणाले. "तिचं उत्तर आलं. चारच ओळी हायती, पर आमच्या मास्तरला वाचताना दोनदा थांबाय लागलं."

नियमाप्रमाणे माल तपासायला मी बूच काढलं.

तो वास मी या जन्मी विसरणार नाही. पहिल्यांदा वाटलं, रेकॉर्डरूमला आग लागली. अर्जुना पाण्याची बादली घेऊन धावलादेखील. मग वाटलं, आग विझवून तिच्यावर कुणी तरी मलमपट्टी केली आहे.

"फिनेल," नानासो नाकाला उपरणं लावून म्हणाले.

"दवाखाना," अर्जुना म्हणाला. त्याचं हर्नियाचं ऑपरेशन झालेलं होतं, त्यामुळे त्याच्या मताला वजन होतं.

"धूर हाय त्यो," सुभेदार शांतपणे म्हणाले. "साहेबाच्या बेटावर झाडं न्हाईत. माती जाळत्यात. त्या धुरावर जव वाळवत्यात आन् त्याची दारू गाळत्यात."

"माती कशी जळेल?"

"आमालाबी आसंच वाटलं हुतं. पर तिकडची जळती."

नानासोंनी रजिस्टर ओढलं आणि 'नासलेले' या रकान्याकडे टाक नेला. सुभेदारांनी हात पुढे केला नाही, आवाज चढवला नाही. नुसते उभे राहिले.

"नानासो, ती नासल्याली न्हाई. ती आशीच आसती. मोरीत गेली तर म्या त्या माऊलीला काय लिवू?"

नानासो माणूस वाईट नव्हता, फक्त अव्वल कारकून होता. त्यांनी टाक थांबवला आणि हुकूम पुन्हा वाचला. कलम सापडलं : शंका असल्यास 'मद्याची जाण असलेल्या, परंतु निर्व्यसनी व चारित्र्यवान अशा इसमाचा लेखी अभिप्राय' घ्यावा. मुदत आठ दिवस.

हे कलम कुणी लिहिलं असेल त्याला माझा नमस्कार. ज्यांना जाण नव्हती ते आनंदानं सही करायला तयार होते. ज्यांना जाण होती त्यांची गाठ घेण्याचं काम माझ्याकडे आलं. क्लबात रोज संध्याकाळी पत्ते खेळायला जाणाऱ्या एका वकिलांकडे मी गेलो.

"तुम्हाला स्कॉच व्हिस्कीतलं कळतं, असं ऐकतो."

"कोण म्हणतं?" वकिलांनी आधी दार लावून घेतलं. "मी तिथं फक्त सोडा घेतो."

"नुसता सोडा? वीस वर्षं?"

"पोटात गॅस धरतो हो."

आणखी चौघांकडे गेलो. साताऱ्यात पोटात गॅस धरण्याचं प्रमाण मोठं आहे, एवढंच कळलं.

सहाव्या दिवशी नानासो म्हणाले, "उद्याचा दिवस बघू. नाहीतर परवा मोरी." सुभेदार साताऱ्यातच मुक्काम ठोकून रोज बाहेरच्या बाकावर बसत. त्या दिवशीही बसले होते, पाठ ताठ. त्यांच्याकडे पाहता पाहता माझ्या तोंडून एक वाक्य निघून गेलं. फार लहान वाक्य होतं.

मी म्हणालो, "मी याविषयी वाचलं आहे."

आणि वाचलं होतं. वाचनालयातल्या जुन्या इंग्रजी मासिकांत त्या बेटांवर एक लेख होता. जळणारी माती, समुद्राचा वारा, लाकडी पिंपं, चाखण्याची पद्धत. सगळ्याचं टिपण माझ्या वहीत होतं. (मी सगळ्याच गोष्टींचं टिपण काढतो. मधमाशा आणि टर्कीचं राज्यकारभार खातं यांचीही टिपणं आहेत. त्यांबद्दल मला अजून कुणी विचारलेलं नाही.)

नानासोंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू इतकी वर्षं मी पडद्याआड होतो. "गंगाधरपंत, तुम्ही निर्व्यसनी आहात. चारित्र्य तर तुम्हाला दुसरं काही जमत नाही म्हणून आहेच. तुम्हीच द्या अभिप्राय. नमुना घरी न्या, उद्या रविवार आहे."

बाटलीला सील लागलं आणि दोन औंस नमुना खुराकाच्या पट्टीवाल्या औषधाच्या बाटलीत घालून माझ्या हाती आला. यादोगोपाळ पेठेतल्या घरी मी ती छत्रीत लपवून नेली.

"कोण आजारी आहे?" सौभाग्यवतींनी दारातच विचारलं. हिचं नाव प्रमोदिनी. माहेर सांगलीचं, वडिलांची हळदीची अडत. हे वाचकांनी लक्षात ठेवावं. मी ठेवलं नव्हतं.

"कोणी नाही. सरकारी काम आहे. मला उद्या दारू चाखायची आहे."

"बढती मिळाली का?"

मी तिला सुभेदारांची हकीकत सांगितली. ती ऐकताना तिनं निवडायचं सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "चाखा. पण स्वयंपाकघरात नाही, देवासमोर नाही आणि माझ्या कुठल्याही भांड्यात नाही."

माझ्या टिपणात निमुळत्या तोंडाचा काचेचा पेला सांगितला होता. मला करवंटी मिळाली. रविवारी सकाळी परसात, शेवग्याखाली, अळूच्या वाफ्याशेजारी पाट मांडून बसलो. वही उघडली. पहिली पायरी : रंग पाहावा. करवंटीत रंग करवंटीचाच दिसला. दुसरी पायरी : मन शांत करावं. ते केलं. तिसरी पायरी : लहानसा घोट घेऊन जिभेवर सर्वत्र फिरवावा.

लहानसा घोट म्हणजे किती, हे लेखकानं लिहिलेलं नव्हतं. मी काढ्याच्या हिशेबानं घेतला.

पुढचं मला नीट आठवत नाही. घशातून पोटापर्यंत कुणी तरी पलिता घेऊन उतरलं एवढं कळलं. डोळ्यांना धारा लागल्या. उठायला गेलो तो अळूच्या वाफ्यात बसलो. आवाज गेला होता.

"कसं आहे?" ही दारातून म्हणाली.

मी हातानं खूण केली की फारच उच्च प्रतीचं आहे.

"मग तोंड असं का केलंत?"

तेवढ्यात मागच्या दारानं दूधवाली हरणाबाई आली. तिनं नाक वर करून दोनदा वास घेतला. धूर, औषध, सगळं एकदम. "वैनी, कोन बाळंत झालं म्हनायचं?"

"कोणी नाही गं. यांचं ऑफिसचं काम आहे."

हरणाबाईनं अळूत बसलेल्या मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "लय अवघड गेलं दिसतंय," ती हळहळत म्हणाली आणि दूध मापून गेली.

आवाज परत आला तेव्हा मी हिला खरं सांगितलं. मला चव काहीच कळली नव्हती. नुसतं पेटलं होतं. उद्या अहवाल द्यायचा, नाही तर उद्याच सुभेदारांची बाटली मोरीत. मला एकदम त्या बाकावरची ताठ पाठ दिसली.

ही पदर खोचून पुढे आली. बाटलीतला एक थेंब तिनं तळहातावर घेतला, दुसऱ्या हातानं चोळला आणि तसाच हात धरून उभी राहिली.

"काय करतेस?"

"हरिपूरला हळदीचं पेव उघडलं की वडील असं करायचे. जमिनीखाली वर्ष वर्ष राहिलेला माल. चांगला की गेला, हे पहिल्या वासावर ठरवायचं नाही. हात सुकू द्यायचा. आठ वर्षांची होते तेव्हापासून ते माझ्या नाकाशी हात धरायचे. म्हणायचे, पोरी, तू सांग."

तिनं हात नाकाशी नेला, डोळे मिटले.

"लिहून घ्या. आधी धूर. लाकडाचा नाही, गोवरीचाही नाही. चुलीचं पोतेरं ओलं असतानाच जाळ घातला, तर मातीला सुटतो तसा. मग टिंक्चर आयोडीन. थांबा, घाई करू नका." मी थांबलो. शेवग्यावर एक कावळा होता, तोही थांबला. "आता मीठ आलं. कोकणातून मिठाची गोणी येते ना, पावसात भिजलेली, ती. आणि आता गोड. काकवी. कढईच्या तळाला किंचित लागलेली काकवी."

"नासली आहे का?"

"गेलेल्या मालाचा वास शेवटी आंबट होतो, नाहीतर काहीच उरत नाही. याचा शेवट गोड आहे, आणि अजून आहे." तिनं हात माझ्यापुढे धरला. खरंच होता. "ज्यानं केली त्यानं मन लावून केली आहे. वर्षानुवर्षं राखलेला माल आहे हा. सुभेदारांना सांगा, काळजी करू नका."

मग तिनं राखेनं हात तीनदा घासले आणि भात टाकायला गेली.

मी बसून अहवाल लिहिला. भाषा माझी होती, हे मी आजही ठामपणे सांगतो. "सदर मद्य प्रथमतः धूम्रगंधी असून सदर धूम्र आर्द्र मृत्तिकेचा आहे. तदनंतर औषधी गंध, तदनंतर सागरी लवण, व अंततः कढईच्या तळास किंचित लागलेल्या काकवीप्रमाणे माधुर्य, जे दीर्घकाळ टिकते. आम्लता अजिबात नाही. सबब माल अस्सल व सुस्थितीत आहे." असं तीन पानं. 'चाखले कोणी' हा प्रश्न हुकुमात विचारलेला नव्हता, म्हणून त्याचं उत्तर दिलं नाही.

सोमवारी आमच्या मोठ्या साहेबांनी तो सगळ्या कचेरीसमोर वाचायला लावला. मी वाचला. काकवीपाशी आलो तेव्हा टाकांचा आवाज थांबला होता. सुभेदार दारात उभे होते.

"व्हय," ते म्हणाले. "आगदी आसंच. साहेब घोट घिऊन आसाच डोळं मिटून बसायचा." मग त्यांनी टाचा जुळवल्या आणि मला सलाम केला. पलटणीतला, कडक.

वाचकहो, मला आयुष्यात कुणी सलाम केला नव्हता. अर्जुनाही मान हलवतो. त्या क्षणी मी सांगायला हवं होतं की हा सलाम यादोगोपाळ पेठेत पाठवावा लागेल. तोंड उघडलंही. पण छाती इतकी भरून आली होती की शब्दाला वर यायला वाट मिळाली नाही. साहेबांनी अहवालावर लिहिलं, "उत्कृष्ट. परमिट द्यावे." सुभेदार बाटली टॉवेलात गुंडाळून पलूसला गेले आणि त्या वर्षीच्या खंडेनवमीला ती तलवारीशेजारी बसली. एवढं काम या हातून झालं. (हात माझा नव्हता, पण लिहिलं मी.)

पुढच्याच महिन्यात तपासणी आली. तपासणारे गृहस्थ अहवाल वाचून चमकले. "या कारकुनाला हे कसं माहीत?"

"वाचून," नानासो म्हणाले.

"काकवी तळाला लागलेली, हे कुठल्या पुस्तकात आहे?"

नानासोंनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. संध्याकाळपर्यंत सर्व्हिस बुकात तांबडा शेरा पडला होता, आणि त्यासोबत एक छापील फॉर्म आला : सवय असलेल्या इसमांनी आपलं नाव नोंदवावं. दुसऱ्या दिवशी त्या सोडावाल्या वकिलांनी मला रस्त्यात गाठून खांद्यावर हात ठेवला. "गंगाधरपंत, एकदा पत्ते खेळायला या. इतकी वर्षं लपून होतात की."

"खरं सांगून टाका," ही म्हणाली. "म्हणावं, नाक बायकोचं होतं. त्यात काय आहे?"

त्यात काय आहे, हे बायकांना कळत नाही. शेरा गेला तर सलामही जाणार होता. मी तीन महिने विचार केला. तेवढ्यात ऑगस्टमध्ये जिल्ह्याचे दोन भाग झाले. पलूस दक्षिण साताऱ्यात गेलं आणि बाटलीची फाईल गाडीत बसून सांगलीला गेली. माझं सर्व्हिस बुक साताऱ्यातच राहिलं. साताऱ्याची कचेरी म्हणे, शेरा खोडायला अहवाल हवा. सांगली म्हणे, अहवालाला हात लावायला सर्व्हिस बुक हवं. दोघांचंही बरोबर होतं. मी स्वतः अशी शेकडो पत्रं लिहिली होती.

निवृत्त झालो आणि नातेवाईक पेन्शनीला शुभेच्छा देताना माझ्या तोंडाचा वास घेऊ लागले, तेव्हा मात्र मी अर्ज लिहिला. त्यात मन घट्ट करून तीन ओळी घातल्या : सदर अहवालातील गंध व चव यांचे वर्णन अर्जदाराच्या पत्नीचे असून अर्जदाराने ते केवळ लिहून घेतले. अर्ज खिशात घालून आम्ही दोघं सांगलीला हिच्या भावाकडे, तात्याकडे, उतरलो आणि सकाळी कचेरीत गेलो. ही दाराशी बाकावर बसली.

फाईल सांभाळणारा कारकून जतकडचा होता, बिराप्पा नावाचा. मी नाव सांगितलं. तो उभाच राहिला.

"तुमीच व्हय ते? काकवीवाले साहेब?"

"म्हणजे?"

"बसा की, बसा. आवं, नव्या कारकुनाला आमी पयला हाच रिपोर्ट वाचाय देतो. रिपोर्ट आसा लिवायचा म्हनून. आमच्या साहेबानं दोन पानं तोंडपाठ केल्यात." त्यानं मागं वळून हाक मारली. "इकडं या रं. काकवीवाले आल्यात."

सहा-सात जण गोळा झाले. एकानं चहा आणला. एकानं विचारलं, सागरी लवण कसं ओळखावं? मी सांगितलं. (गोणी भिजलेली पाहिजे.) दुसऱ्यानं विचारलं, इतकं सूक्ष्म जिभेला कसं कळतं? मी म्हणालो, साधना. चहा संपेपर्यंत मी जळणाऱ्या मातीवर आणि तिच्या धुरावर एक लहानसं व्याख्यान दिलं होतं, आणि ते चांगलं झालं, हे मला आज अर्ज लिहितानाही नाकारता येत नाही.

मग बिराप्पा म्हणाला, "काय काम काढलंत?"

मी अर्ज काढला, त्याचा टाक मागून घेतला आणि त्या तीन ओळी काळजीपूर्वक खोडल्या.

"काय खोडलंत?" बाकावरून आवाज आला.

"शुद्धलेखन."

"तीन ओळींचं?"

अर्ज दाखल झाला. त्यात आता एवढंच उरलं होतं की अर्जदार मद्य पीत नाही. पुराव्यादाखल तीन पानी अहवाल जोडला आहे.

दीड महिन्यानं सांगलीहून जाड लखोटा आला. पत्ता सौभाग्यवतींच्या नावे. आत लिहिलं होतं की, "आपल्या यजमानांच्या अर्जातील खोडलेला मजकूर उजेडात धरून वाचला असता आपल्या अंगच्या ज्ञानाची माहिती झाली. या कचेरीत शंकास्पद मद्याचे दोन नमुने आले असून आपण ते तपासून अभिप्राय द्यावा, ही विनंती. नमुने नेण्या-आणण्यासाठी आपल्या यजमानांस पाठवावे. वाटेत सील मोडले जाणार नाही याची दक्षता आपण घ्यावी, कारण त्यांस सवय असल्याची नोंद आहे."

मी आतापर्यंत अकरा नमुने नेले-आणले. ही अभिप्राय सांगते, मी लिहून घेतो, सही ती करते. पत्राच्या तळाशी माझ्या अर्जाविषयीही एक ओळ होती. अर्ज विचाराधीन आहे. आज दोन वर्षं झाली. तो विचाराधीन आहे.